स्टेशन रोडवरचे विमानवाले

तुमच्या घरातल्या बाईचं तिकीट तुम्ही शेवटचं काढलंत, तेव्हा नावाच्या रकान्यात काय लिहायचं हे तिला विचारलं होतंत का? की तुम्हाला ते माहीतच होतं?

घाईने उत्तर देऊ नका. मी ज्या माणसाबद्दल लिहिते आहे, त्याच्या दुकानात घाईने दिलेलं उत्तर चालत नसे.

शेगावला स्टेशन रोडवर, एक लॉज आणि एक पेढ्यांचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात त्यांचं विमान तिकिटांचं दुकान होतं. गावात सगळे त्यांना ‘विमानवाले’ म्हणत. मीही तेच म्हणते. त्यांचं खरं नाव मला अर्थातच माहीत आहे, पण ते छापायला त्यांनी मला परवानगी दिलेली नाही, आणि विचारल्याशिवाय कोणाचं नाव कुठे टाकलेलं त्यांना खपत नाही.

मी अमडापूरची. वडील सभांची, मोर्चांची पत्रकं छापून आणायचे आणि आम्ही भावंडं जेवणं झाली की त्यांच्या घड्या घालत बसायचो. अक्षरओळख मला पाठ्यपुस्तकाआधी पत्रकातून झाली. बी.ए. झाल्यावर शेगावात खोली घेतली आणि काम शोधत यांच्या दुकानात शिरले. मे महिना होता. कूलरचं तोंड संगणकाकडे होतं, माणसं घामाने भिजली होती, आणि हे पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, टाय आणि पायात चपला अशा थाटात बसले होते. खिशातून फुटाणे काढून खात होते.

“नाव?”

मी सांगितलं.

“कोनं ठेवलं?”

“आत्यानं.”

“तुले आवडते काय?”

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “विचार नाही केला.”

“मंग जाय घरी. इचार कर. उद्या येऊन सांग.”

मी खोलीवर गेले, चिडले, आणि चिडता चिडता खरंच विचार केला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “आवडतं.” त्यांनी दोन फुटाणे माझ्या हातावर ठेवले. “बस. ज्याले सोताचं नाव आवडते का नाही हेच ठाऊक नाही, त्यानं दुसऱ्याचं टाइप करू नये.” आणि त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही त्या नावाने हाक मारली नाही. माझ्या पिशवीतली पत्रकं त्यांना दिसली होती. तेव्हापासून मी ‘मोर्चा’. “ओ मोर्चा, चहा सांग.” “मोर्चा, आवाज कमी कर, हे दुकान हाय, चौक नाही.”

त्यांचा नियम एकच होता: ज्याचं तिकीट, त्याने स्वतः यायचं आणि स्वतःच्या तोंडाने नाव सांगायचं. नवऱ्याने बायकोचं सांगितलं, बापाने मुलीचं सांगितलं, की हे दोन्ही तळहात कानांवर दाबून छताकडे बघत बसायचे. समोरचा बोलायचा थांबला की हात काढायचे आणि बाईकडे वळायचे. “हं, ताई. आता तुम्ही.” नवरे भडकायचे. “अहो, मी काय खोटं सांगून राह्यलो काय?” यांचं उत्तर ठरलेलं होतं. “खोटं नाही सांगून राह्यले. पन तुम्हाले इचारलं कोनं?”

पाठोपाठ ते वाक्य यायचं जे सगळ्या स्टेशन रोडला पाठ होतं. “नाव म्हंजे काय वावर हाय काय, बापानं जावयाच्या नावावर करून द्याले?”

लाडाची नावं त्यांना चालत नसत. कोणी म्हणालं, “आमच्या सोनूचं पुण्याहून दिल्लीचं काढायचं होतं,” की हे म्हणायचे, “सोनू विमानात बसत नाही. सोनू ओसरीवर बसते. विमानात बसते त्याचं नाव आना.” ‘अॅडजस्ट’ हा शब्द कानावर पडला की ते खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभे राहायचे, आणि गिऱ्हाइकाने तो शब्द मागे घेतला असं मी हाक मारून सांगेपर्यंत आत यायचे नाहीत. संगणकाशी मात्र ते बैलाशी बोलावं तसं बोलायचे. “चाल बे. चाल माह्या राजा. बसू नको मधातच.”

विमान कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला की ते उभे राहत. पलीकडून कितीही वेळ वाजंत्री वाजत राहो, हे टाय सरळ करून उभे. शेवटी एखादी मुलगी बोलली की आधी विचारायचे, “बेटा, खाना हुआ?” ती गोंधळून हो म्हणायची. “अच्छा हुआ. अब सुनो,” म्हणून जे भांडायला लागायचे ते शेजारच्या पेढेवाल्याला गल्ल्यावर बसून ऐकू जायचं.

कोणाला वाटेल, फार भला माणूस. तसं नव्हतं. ते हट्टी होते, फुशारकी मारायचे, माझं ऐकून घ्यायचे नाहीत, आणि स्वतःच्या नियमापुढे त्यांना समोरच्याची अडचण दिसायची नाही. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन त्यांचा नातू आला. आजोबांना अर्धांगवायू झालेला, वाचा गेलेली. मुलाकडे बंगलोरला न्यायचं होतं, उपचारांसाठी. नातू आधारकार्ड दाखवत होता, हात जोडत होता. हे म्हणाले, “थांबू. ते सांगतीन.” आजोबा घशातून काहीतरी आवाज काढत राहिले, ओठ वाकडे होत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोवर त्या विमानातल्या जागा संपल्या. शेवटी त्या आवाजालाच नाव मानून यांनी दुसऱ्या दिवशीचं काढून दिलं, पण त्या दिवशी मी यांना दुकानातच सुनावलं. “हा नियम आहे की छळ आहे? जो बोलूच शकत नाही त्याला तुम्ही बोलायला लावता?”

ते चिडले नाहीत. म्हणाले, “ते बोलून राह्यले होते, मोर्चा. तुले ऐकू नाही आलं.”

मला ते उत्तर पटलं नाही. आजही पटत नाही.

या नियमामागे काय होतं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. बरीच वर्षं ते मुंबईच्या विमानतळावर एका कंपनीच्या काउंटरवर होते. तिकिटावर एक नाव, ओळखपत्रावर दुसरं असं झालं की माणसाला परत पाठवायचं काम त्यांचं. “कोनी परीक्षेले चाल्लेलं, कोनी मयतीले. तिकीट काढलं भावानं, नाव सांगतलं साल्यानं. आन परत जाते कोन? ज्याले कोनी इचारलंच नाही ते. त्या मानसाचं तोंड तू पाह्यलं नाही. म्या पाह्यलं.” एवढं बोलून ते फुटाणे शोधायला खिसे चाचपू लागले.

आणि ते भित्रे नव्हते, हेही लिहायला हवं. जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्याचा माणूस एकदा चारपाच जणांना घेऊन दुकानात आला. साहेबांचं दिल्लीचं तिकीट होतं, साहेब जाणार नव्हते, त्याच तिकिटावर याला जायचं होतं.

“नाव दुरुस्ती करून टाका. साहेबाचं काढा, माह्यं टाका.”

“ते दुरुस्ती नाही, ते बदली झाली,” हे म्हणाले. “एखादं अक्षर चुकलं तं कंपनी दुरुस्त करते. मानूसच दुसरा असला तं तिकीट दुसरं.”

“काका, तुमचं दुकान कोनाच्या गावात हाय, ठाऊक हाय न?”

“हाव. माह्या.”

“अॅडजस्ट करा म्हनतो.”

हे उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. त्या गर्दीतून वाट काढत, टाय सरळ करत. आत मी एकटी आणि ती पाच माणसं. त्यांच्यातल्या एकाने संगणकाच्या पडद्यावर बोटाने टकटक केलं, माझ्याकडे बघून हसला. मी जागची हलले नाही. शेवटी ते गेले. रात्रीतून कोणीतरी दुकानाची पाटी फोडली. सकाळी हे तिचे तुकडे गोळा करत म्हणाले, “बरं झालं. तिच्यावर ‘रेल्वे, बस’ बी लिहेल होतं. मले तसंही काढाचंच होतं.” नवी पाटी त्यांनी लावलीच नाही.

आता त्या दिवसाबद्दल.

दुपारची वेळ होती. सासरे, सासू आणि सून असे तिघं आले. जळगाव जामोदकडची माणसं. सासऱ्यांचं धोतर पांढरंस्वच्छ, कपाळावर मंदिरातला टिळा, बोलणं अदबीचं. सून परिचारिका. आखातातल्या एका रुग्णालयात तिची निवड झाली होती. संध्याकाळी शेगावहून मुंबईची गाडी, दुसऱ्या दिवशी मुंबईहून विमान. नवरा घरी थांबला होता, त्यांची लहान मुलगी स्टेशनवर रडून गोंधळ घालील म्हणून. दर्शन झालं होतं, सामान लॉजवर होतं, आणि आता फक्त मोबाइलवरच्या तिकिटाची छापील प्रत हवी होती.

“दोन मिनिटाचं काम हाय,” सासरे म्हणाले.

“पासपोर्ट दाखवा,” विमानवाले म्हणाले. पासपोर्टाशी पडताळल्याशिवाय ते कोणाचं तिकीट छापून देत नसत.

त्यांनी पासपोर्ट उघडला. मोबाइल पाहिला. पुन्हा पासपोर्ट पाहिला आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवले. तिकिटावर नाव होतं राजनंदिनी, पुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पासपोर्टावर होतं दुर्गा, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आडनावं मी इथे लिहीत नाही. फोटो मात्र एकच, समोर उभ्या असलेल्या बाईचा.

लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल आपल्याकडे आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. फोटो काढतात, सगळे हसतात, जेवायला बसतात. पासपोर्ट तिने लग्नाआधी काढलेला. लग्नानंतर आधार, रेशनकार्ड, बँक सगळं राजनंदिनी झालं, पासपोर्ट कपाटात राहिला. रुग्णालयाने नेमणूक आणि व्हिसा पासपोर्टावरच्या नावाने दिला. आणि तिकीट काढलं पुण्याला राहणाऱ्या धाकट्या दिराने, मोबाइलवरून. वहिनीचं नाव त्याला माहीत होतंच. विचारायचं काय त्यात?

आम्ही त्याला फोन लावला. तो म्हणाला, “दुर्गा कोण?”

सात वर्षं ती त्याच्या घरात होती.

विमानवाल्यांनी उभं राहून कंपनीला फोन लावला. वाजंत्री वाजत राहिली. पलीकडची मुलगी बोलली, तिने जेवण झाल्याचं सांगितलं, आणि मग तेच सांगितलं जे आम्हाला माहीत होतं. “सर, सरनेम का मॅरेज सर्टिफिकेट पे देख सकते हैं, लेकिन यहाँ पहला नाम ही अलग है. सिस्टम में ये दूसरा पैसेंजर है.” हे भांडले, तिच्या वरच्या साहेबाशीही भांडले. उपयोग झाला नाही. कंपनीच्या लेखी राजनंदिनी आणि दुर्गा ही दोन वेगळी माणसं होती, आणि जागा राजनंदिनीची होती.

उपाय एकच होता. त्याच विमानात दुर्गाच्या नावाने नवं तिकीट काढायचं आणि जुनं दिराने रद्द करायचं. पडद्यावर मोजक्याच जागा दिसत होत्या. त्यानंतरच्या विमानाने ती गेली असती तर रुजू व्हायची मुदत उलटणार होती, आणि तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

“काढून टाका न मंग,” मी म्हणाले. पासपोर्ट माझ्यासमोरच होता, मी टाइप करायला हात पुढे केला.

“हात मांगं,” विमानवाले म्हणाले. मग सुनेकडे वळले. “हं, ताई. तुमचं नाव सांगा.”

ती खाली बघत राहिली.

सासरे म्हणाले, “थांबा साहेब. घाई करू नका. हा पासपोर्टच चुकीचा हाय. तो बदलून घेऊ. महिना लागन, दोन महिने लागतीन. राजनंदिनी जाईन नं, नंतर जाईन. आमच्या घरात ते दुसरं नाव चालत नाही.”

हे कानांवर हात ठेवून छताकडे बघत होते.

“काऊन चालत नाही?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. “तिचं नाव आहे ते. जन्माचं. तिच्या शिक्षणावर तेच आहे, नोकरीवर तेच आहे. तुम्हाला तिचा पगार चालतो, नाव चालत नाही?”

“पोरी, तू लहान हाय,” सासरे शांतपणे म्हणाले. “तुले समजत नाही.”

“मला सगळं समजतं! तिचं नाव दुर्गा आहे, आणि—”

“मोर्चा!” विमानवाले कानांवरचे हात काढून ओरडले. त्यांना इतकं ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं. “यायले नको म्हनलं, आन आता तू सांगून राह्यली काय तिचं नाव? तूबी गप बस.”

पडद्यावरची एक जागा गेली.

“ताई,” ते पुन्हा म्हणाले, “म्या वाट पाहून राह्यलो.”

तिने तोंड उघडलं. ओठ हलले. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि ओठ पुन्हा मिटले. मला त्या म्हाताऱ्या आजोबांची आठवण झाली. हा माणूस पुन्हा तेच करणार. जागा संपेपर्यंत हा टाय सरळ करत बसणार, आणि एका बाईची नोकरी, तिच्या लेकरासाठी तिने जमवलेली सगळी हिंमत, याच्या एका नियमापायी जाणार. मी मनातल्या मनात ठरवलं होतं, अजून एक जागा गेली की मी टाइप करणार. मग याने मला कामावरून काढलं तरी चालेल.

तेवढ्यात सासू बोलल्या. आल्यापासून त्या दाराजवळच्या बाकावर पदर सावरून बसल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर कोणाचंच त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

“ती नाही सांगनार,” त्या म्हणाल्या. “ते नाव माह्यं हाय.”

विमानवाल्यांना कळलं नाही. मला कळलं.

“माह्यंबी नाव तेच हाय, साहेब. म्हनून त हिचं बदललं. सासूचं नाव सुनेनं घ्याचं नाही आमच्यात. हे,” त्यांनी नवऱ्याकडे मान केली, “हेबी घेत नाहीत बायकोचं नाव. मंग घरात कोनी कसं म्हनावं? यायले दोष नका देऊ. यायच्या तोंडून ते निघतच नाही.”

सासरे भिंतीकडे बघत होते. त्यांचा कान लालबुंद झाला होता. पासपोर्टावरचं नाव ते आल्यापासून एकदाही उच्चारू शकले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ‘दुसरं नाव’, ‘ते नाव’. आणि ती सून. स्वतःचं नाव सांगायचं म्हणजे सासूचं नाव घ्यायचं, तेही सासऱ्यासमोर. रुग्णालयाच्या साहेबांनी मोबाइलवरून तिची मुलाखत घेतली, तेव्हा ती गच्चीवर जाऊन, टाकीच्या आडोशाला बसून बोलली होती. ते तिने नंतर मला सांगितलं. नाव विचारतील आणि खाली ऐकू जाईल म्हणून.

सगळ्यांवर चालणारा नियम होता विमानवाल्यांचा. पण जिचं नाव तिच्याच तोंडात बंद करून ठेवलंय, अशा बाईला तो नियम कसा लावायचा, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते उठले. मला वाटलं बाहेर जातात की काय. ते सासूबाईंच्या समोर जाऊन उभे राहिले, कंपनीला फोन लावल्यावर राहत तसे, ताठ.

“बाई,” त्यांनी विचारलं, “तुमचं नाव काय?”

“मले कुठी जाचं हाय? माह्यं कायचं तिकीट?”

“तिकीट नाही. म्या इचारून राह्यलो.”

सासूबाई हसल्या. घाबरल्यावर हसतात तसं. “साहेब, माह्यं नाव घेते कोन! भजनी मंडळात मले गणेशची माय म्हनतात. दवाखान्यात म्हातारी म्हनतात. माह्यी माय गेली तवापासून त...” त्या थांबल्या. नवऱ्याकडे पाहिलंच नाही. सुनेकडे पाहिलं. “दुर्गा,” त्या म्हणाल्या. “दुर्गा किसन. किसन माह्या बापाचं. हे माह्यं नाव हाय. आता तू म्हन वं. माह्यं म्हनून नको म्हनू. तुह्यं म्हनून म्हन.”

“आई...” सून म्हणाली.

“म्हन म्हनते न. गाडी जाईन.”

आणि ती म्हणाली. आधी इतक्या हळू की कूलरच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही. विमानवाले तिच्याकडे फक्त बघत राहिले, ‘ऐकू येत नाही’ म्हणून त्यांनी कानाशी हातही नेला नाही. मग पुन्हा म्हणाली, आणि या वेळी शेजारचा पेढेवाला गल्ल्यावरून मान लांब करून बघायला आला. दुर्गा. वडिलांचं नाव. आडनाव. तिने पासपोर्टाकडे न बघता सांगितलं, आणि सांगताना ती रडत नव्हती. तिचा चेहरा तापलेला होता.

“लिही, मोर्चा,” विमानवाले म्हणाले. “काय पाहून राह्यली? लिही.”

मी लिहिलं. माझी बोटं चुकत होती. संगणक मध्येच अडला आणि हे त्याच्यावर ओरडले, “चाल बे!” पैसे भरल्यानंतरचं ते गोल फिरणारं चाक फिरत राहिलं. मग तिकीट आलं. दिराला फोन करून जुनं रद्द करायला सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, “पण दुर्गा म्हणजे वहिनी का?” सासूबाईंनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, “हाव. आन तुह्यी मायबी.”

लॉजमधून सुनेची मोठी बॅग सासऱ्यांनीच उचलली, सासूबाई नको म्हणत असताना. जाताना दुकानाच्या पायरीवर थांबून विमानवाल्यांना म्हणाले, “तुम्ही माह्या घरात भांडन लावलं.”

“लावलं,” विमानवाले म्हणाले. “हाव.”

मला आवडलं असतं इथे असं लिहायला, की सासरे वळले आणि सुनेला त्या नावाने हाक मारली. त्यांनी मारली नाही. गाडी आली तेव्हा मीही स्टेशनवर होते. बॅग दारातून आत देऊन ते खिडकीपाशी उभे राहिले, “जेवन करजो वेळेवर,” एवढं म्हणाले. सासूबाईंनी मात्र गाडी हलल्यावर हाक मारली, नुसतं नाव, पुन्हा पुन्हा, फलाटावरची माणसं वळून बघेपर्यंत. आपण सुनेला हाक मारतो आहोत की स्वतःला, हे त्यांनाही त्या वेळी ठाऊक नसावं.

ती पोचली. रुजू झाली. नंतर एकदा तिचा फोन आला. त्या रुग्णालयात सगळे तिला ‘सिस्टर दुर्गा’ म्हणतात, पहिल्या आठवड्यात हाक आली तरी ती मागे वळून बघायची नाही. आता बघते.

विमानवाल्यांशी त्या संध्याकाळी माझं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणाले, सासूबाई बोलल्या नसत्या तर? शेवटची जागा गेली असती तर? ते म्हणाले, “तं ते माह्या मानेवर असतं. तुह्या नाही.” मी म्हणाले, तिच्यावर असतं, काका. तुमच्यावर नाही, तिच्यावर. त्यावर त्यांनी हातातले फुटाणे परत खिशात टाकले. आमच्यातला हा वाद सुटलेला नाही. ते आता लेकीकडे नागपूरला असतात, कारण लोक मोबाइलवर तिकिटं काढू लागले आणि दुकान चालेना. अधूनमधून फोन करतात आणि पुन्हा तोच वाद उकरून काढतात.

पण एक मला मान्य करावंच लागतं. मी पत्रकांवर वाढले. बाईच्या हक्कांबद्दल मी शाळेपासून भाषणं ठोकली आहेत. त्या दुपारी तिच्या बाजूने बोलणारी मीच होते, आणि तिच्याऐवजी बोलणारीही मीच होते. तिला विचारून थांबणारा एकच माणूस त्या दुकानात होता, आणि तो चिडका, हट्टी, टाय बांधणारा म्हातारा होता.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती आजच अमलात आणायची आहे. पुढचं तिकीट काढाल तेव्हा, विमानाचं असो, रेल्वेचं असो, यात्रेच्या बसचं असो, बाईच्या नावाच्या रकान्यापाशी थांबा. तुम्हाला तिचं नाव माहीत आहे असं वाटत असलं तरी थांबा. मोबाइल तिच्या हातात द्या आणि तिला लिहू द्या. तिला वेळ लागेल, कदाचित ती तुमच्याकडे बघेल, कदाचित ‘तुम्हीच टाका’ म्हणेल. टाकू नका. आणि ती लिहीत असताना तिच्या खांद्यावरून वाकून पाहू नका.